समजून घ्या : डुकराच्या पिल्लांच्या खाद्यात एन्झाइम का मिसळतात?

घोडबंदर रोड म्हटलं की ट्रॅफिक आणि टॉवर आठवतात, डुकराच्या पिल्लांचं खाद्य नाही. पण या रोडच्या ठाण्याकडच्या टोकापासून जवळच, लुईसवाडीत, अ‍ॅडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीज या कंपनीचं मुख्यालय आहे. २०१६ मध्ये शेअर बाजारात आलेली ही कंपनी पशुखाद्यासाठीही एन्झाइम बनवते. ही पावडर नेमकं काय करते? आणि ती वाया कधी जाते?

पिल्लांनाच गरज का?

एन्झाइम म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं 'विकर', अन्नाचे मोठे रेणू तोडणारं प्रथिन. पिल्लाचं पोट सुरुवातीला दूध पचवण्यासाठी तयार असतं. स्टार्च आणि वनस्पतींमधली प्रथिनं पचवणारी एन्झाइम त्याच्या शरीरात हळूहळू वाढतात. दूध तोडल्यावर एकदम मक्याचा भरडा आणि सोयापेंड समोर आली, की बरंच अन्न न पचताच पुढे सरकतं. आतड्यातल्या घातक जंतूंना ते आयतंच मिळतं. मग हगवण लागते आणि वाढ खुंटते.

यावर अनेक वर्षं खाद्यातून अँटिबायोटिक्स दिली गेली. पण त्यांना दाद न देणारे जंतू वाढू लागले. युरोपीय संघाने वाढीसाठीचा हा वापर २००६ पासून बंद केला. भारताने २०१९ मध्ये पशुपालनात कोलिस्टिनवर बंदी घातली. त्यामुळे एन्झाइमसारख्या पर्यायांना महत्त्व आलं.

कोणतं एन्झाइम कशासाठी?

- फायटेज : धान्य आणि पेंडीतला सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस 'फायटेट'मध्ये अडकलेला असतो. फायटेज तो मोकळा करतं. हाडांना फायदा होतो आणि शेणातून बाहेर पडणारा फॉस्फरस घटतो.
- झायलनेज : गव्हाच्या आणि तांदळाच्या कोंड्यातले तंतू तोडतं.
- प्रोटिएज : सोयापेंडीतली प्रथिनं पचायला मदत करतं.

यात सर्वांत भरवशाचा परिणाम फायटेजचा. बाकीच्यांचा परिणाम खाद्यात काय आहे यावर ठरतो. कोंडाच नसेल, तर झायलनेज तोडणार काय?

चूक कुठे होते?

आपल्याकडे अनेक छोटे वराहपालक हॉटेलातलं खरकटं वापरतात. ते नीट उकळणं गरजेचंच आहे, कारण २०२० मध्ये भारतात पहिल्यांदा आढळलेला आफ्रिकन स्वाइन फीवर खरकट्यातूनही पसरतो आणि त्यावर इलाज नाही. पण एन्झाइम हे प्रथिन आहे. उकळत्या खाद्यात टाकलं की ते निकामी होतं. म्हणून आधी उकळा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच पावडर मिसळा. पुडी कोरड्या, थंड जागी ठेवा.

मग घ्यावं का?

एन्झाइम हे औषध नाही. जंतुसंसर्गाने लागलेली हगवण त्याने थांबत नाही, तिथे पशुवैद्यकच हवा. विकत घेताना लेबलवर एन्झाइमचं नाव आणि मात्रा पाहा. सारख्या वयाच्या आणि वजनाच्या पिल्लांचे दोन गट करा, एकालाच एन्झाइम द्या आणि महिन्याभराने दोन्हींचं वजन करा. वाढलेल्या वजनाचे पैसे पुडीच्या खर्चापेक्षा जास्त असतील, तरच पुढची पुडी घ्या.