हिंगलाजची वाट आणि पाण्याची शपथ

रायगड जिल्ह्यात चौलजवळच्या डोंगरात हिंगलाज देवीचे देऊळ आहे. नवी मुंबईहून सकाळी निघालेला माणूस दर्शन घेऊन दिवेलागणीला घरी परततो. गडहिंग्लज या गावाच्या नावाचा संबंधही लोक याच देवीशी जोडतात, आणि भावसार समाज तिला कुलदेवता मानतो. देवीचे मूळ ठाणे मात्र बलुचिस्तानात आहे. कराचीपासून पश्चिमेला सुमारे अडीचशे किलोमीटरवर, मकरानच्या किनाऱ्याजवळ हिंगोल नदीच्या खोऱ्यातल्या एका गुहेत. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला उघडेबोडके डोंगर, मध्ये वाळवंट. शक्तिपीठ म्हणून या स्थानाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला अधिक कुतूहल आहे ते तिथे पोचण्याच्या रीतीचे.

1847 ते 1936 या काळात सिंध मुंबई इलाख्यात होता. मुंबईहून आगबोटीने कराची गाठता येई. तिथे मराठी वस्ती होती, गणेशोत्सवही होत असे. म्हणजे आपल्याकडच्या भाविकाची खरी यात्रा कराचीच्या पुढे सुरू होई. इंग्रजांनी 1839 मध्ये कराची घेतली आणि पुढच्याच वर्षी कॅप्टन हार्ट या लष्करी अधिकाऱ्याच्या कराची ते हिंगलाज प्रवासाचा वृत्तान्त बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. नव्या सत्तेला या वाटेची माहिती हवी होती. जोगी-गोसाव्यांना ती आधीपासूनच होती.

यात्रेकरूंचा तांडा छडीदाराच्या मागून चाले. छडी म्हणजे देवीची पवित्र काठी. ती ज्याच्या हाती, त्याचा शब्द शेवटचा. निघण्यापूर्वी प्रत्येकाला दोन शपथा घ्याव्या लागत. परत येईपर्यंत विरक्ताप्रमाणे राहायचे, कुणाचा हेवादावा करायचा नाही आणि सोबत्यांना मदत करायची, ही पहिली. दुसरी शपथ आजच्या वाचकाला खटकेल: आपल्या सुरईतले पाणी वाटेत कुणालाही द्यायचे नाही. नवऱ्याने बायकोला नाही, आईने मुलालाही नाही.

पहिल्या शपथेत मदत करायला सांगायचे आणि दुसरीत घोटभर पाणीही नाकारायचे, ही विसंगती वाटते. तहानलेल्याला पाणी देणे हे तर आपल्याकडे सर्वांत सोपे पुण्य. मला या नियमात निर्दयपणापेक्षा हिशेब अधिक दिसतो. पुढचा झरा किती मजलांवर आहे हे ठाऊक असलेल्या कुणीतरी तो घालून दिला असावा. शेजाऱ्याचे पाणी मिळणारच नाही हे पक्के झाले, की माणूस पहिल्याच दिवशी सुरई रिकामी करत नाही. आणि ज्याचे मन आधी विरघळते, त्यानेच आधी मरायचे, हेही टळते.

याच प्रदेशातून इ. स. पू. 325 मध्ये अलेक्झांडरची परतणारी फौज गेली. ग्रीक लोक याला गेड्रोशिया म्हणत. फौजेचे अतोनात हाल झाले. कुणीतरी शिरस्त्राणातून आणलेले पाणी अलेक्झांडरने सर्वांसमक्ष वाळूत ओतले, ही एरियनने नोंदवलेली गोष्ट शाळेतल्या मुलांनाही सांगितली जाते. मला त्याच इतिहासातली दुसरी, कमी प्रसिद्ध नोंद मोलाची वाटते. तहानेने पिसाटलेले सैनिक पाणवठ्यात घुसून बेसुमार पाणी पीत व मरत, आणि मागून येणाऱ्यांसाठी ते पाणी नासून जाई. म्हणून पुढे छावणी पाण्याला लागून न टाकता सुमारे वीस स्टेडिया, म्हणजे पावणेचार किलोमीटर दूर टाकू लागले. एकदा ओढ्याकाठी उतरलेली फौज रात्री आलेल्या लोंढ्यात सापडली होती. पाऊस दूर डोंगरात पडला होता, छावणीला त्याचा पत्ताच नव्हता. जगज्जेत्याच्या सैन्याने ज्या गोष्टी माणसे गमावून शिकल्या, त्या छडीदाराच्या तांड्याला शपथेतून मिळत.

वाटेत चंद्रगुप लागतो. हा चिखलाचा ज्वालामुखी. तोंडाशी चिखल खदखदत असतो, वायूचे बुडबुडे फुटत असतात. यात्रेकरू रात्र जागवतात, आपली पापे सर्वांसमोर बोलून दाखवतात आणि मग नारळ अर्पण करतात. आदल्या रात्री सगळ्यांकडून थोडेथोडे पीठ घेऊन एक रोट भाजायची रीत आहे. पाणी ज्याचे त्याचे, पीठ मात्र सगळ्यांचे!

परतणाऱ्या नाथपंथी जोग्यांच्या गळ्यात ठुमऱ्यांची, म्हणजे बारीक पांढऱ्या खड्यांची माळ असे. ब्रिग्ज यांनी कानफाट्यांवरच्या 1938 च्या ग्रंथात तिची दखल घेतली आहे. हे खडे वस्तुतः प्राचीन सागरी जीवांचे अश्म.

या वाटेचे राखणदार केवळ हिंदू नव्हते. स्थानिक बलुच मुसलमान देवीला ‘नानी’ म्हणतात आणि या यात्रेला ‘नानी की हज’. परक्या तांड्याला ते आपल्या मुलखातून जाऊ देत; त्यांच्या रुकाराशिवाय हे ठाणे इतकी शतके टिकले नसते.

1988 मध्ये इथे हिंगोल राष्ट्रीय उद्यान झाले. आयबेक्स डोंगरात, मगरी नदीत. त्यानंतर मकरानचा किनारी महामार्ग आला आणि कित्येक दिवसांची वाट काही तासांवर आली. म्हाताऱ्याकोताऱ्यांना देवी भेटू लागली, हे चांगलेच झाले. एप्रिलच्या मेळ्याला हजारो लोक जमतात. एरवी मोटारसायकलवाले आणि कुंड मलीरच्या किनाऱ्यावर तंबू ठोकणारे हौशी असतात. साहस म्हणून येणाऱ्या या मंडळींना नावे ठेवायचे मला कारण नाही. जुना यात्रेकरूही थोडासा साहसासाठीच निघत असणार. पण बसमधून उतरणाऱ्याला सुरई मोजावी लागत नाही. वाळवंटात पाऊस काही वाढलेला नाही. हजारोंचे पाणी कुठून तरी आणावेच लागते आणि त्यांची घाण तिथेच राहते. ‘आज इथेच थांबा’ म्हणणारा छडीदारही आता नाही.

2006 च्या आरंभी जसवंत सिंह राजस्थानातून मोटारींचा ताफा घेऊन, मुनाबावची सरहद्द ओलांडून हिंगलाजला गेले. आज भारतातून तिथे जाणे जवळपास अशक्यच. कराचीतले काही भाविक अजूनही भगवे झेंडे खांद्यावर घेऊन महामार्गाच्या कडेने हे अंतर पायी तोडतात; शेजारून बसगाड्या जात असतात.