माळव्याचा चढ आणि चाकातली मोटर

धार आणि देवास ही पवारांची दोन्ही ठाणी माळव्याच्या पठारावर. दक्षिणेकडून तिथे यायचे तर नर्मदा ओलांडून विंध्याचा घाट चढावाच लागतो. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी आप्पांनी अमझेऱ्याला माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला. उदाजी पवार त्या मोहिमेत होते, आणि ती फौजही निमाडातून हाच चढ चढून वर आली होती. पुढे आग्रा-मुंबई रस्ता इथूनच गेला. बैलगाडीच्या काळात चढावर उपाय एकच, पुढे आणखी एक जोडी जुंपायची. महू-खांडवा मीटरगेज सुरू झाल्यावर पातालपाणीच्या घाटात गाडीला मागून दुसरे इंजिन लावावे लागे; तीही जादा बैलजोडीच. दुचाकीला ही सोय नाही. जेवढी ताकद अंगात आहे, तेवढीच तिला चढावर निराळ्या रीतीने वापरावी लागते. म्हणूनच विजेची एक गाडी मांडूचा चढ सहज घेते आणि दुसरी अर्ध्यात दम सोडते, याचे कारण लोक बॅटरीत शोधतात तेव्हा मला ते अपुरे वाटते. खरे कारण मोटर आणि चाक यांच्या नात्यात आहे.

दुचाकी बनवणाऱ्यांना हे चांगले ठाऊक होते. १९७२ साली आलेल्या कायनेटिकच्या लुनाला एकच गिअर होता. सपाटीवर ती गुणाची, पण चढ लागला की पॅडल मारून हातभार लावावा लागे. त्याच घराण्याने १९८४ मध्ये होंडाशी भागीदारी केली आणि कायनेटिक होंडा धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला बनू लागली. इंजिन ९८ सीसीचे, गिअर बदलायचे नाहीत, आणि तरी चढावर पॅडलची गरज नाही. ही किमया होती दोन पुल्या आणि त्यांच्यामधल्या रबरी पट्ट्याची. चढावर इंजिनाचे फेरे उतरले की पुढच्या पुलीच्या चकत्या एकमेकींपासून दूर सरत आणि पट्टा आत उतरे. मागच्या पुलीच्या चकत्या स्प्रिंगच्या जोराने जवळ येत आणि तिथे पट्टा वर चढे. वेग कमी होई, चाकाचा जोर वाढे. चालवणाऱ्याला फक्त आवाज बदललेला कळे. जादा बैलजोडीचे काम त्या पट्ट्याने केले.

विजेच्या गाड्या आल्या आणि बऱ्याच स्वस्त गाड्यांत मोटर थेट मागच्या चाकात बसवली गेली. मधला पट्टा गेला, गिअरही गेले. यावर आक्षेप असा की विजेची मोटर पहिल्या फेऱ्यापासूनच पूर्ण जोर देते, तिला गिअर कशाला? अर्धे खरे आहे. जोर करंटच्या प्रमाणात वाढतो, पण तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात. दुप्पट जोर मागितला की ताप चौपट. चढावर चाक हळू फिरते, तेव्हा विजेचा मोठा वाटा चाक फिरवण्याऐवजी तांबे तापवण्यात जातो आणि मोटर जळू नये म्हणून कंट्रोलर करंट कापतो. मधे गिअर किंवा पट्टा असेल तर मोटर आपल्या सोयीच्या वेगाने फिरते आणि चाकाला जोर मिळतो. एथरने हीच पट्ट्याची वाट धरली. टीव्हीएस आयक्यूबची मोटर चाकातच आहे आणि ती चढही घेते, हे मान्य करायला हवे. पण तिथे मोटर मोठी आहे, म्हणजे बैलच दणकट जुंपला आहे. ज्या गाड्यांना नोंदणी लागत नाही त्यांच्या मोटरला २५० वॉटची मर्यादा आहे. माणूस धरून गाडी १५० किलोची आणि चढ दर दहा मीटरला एक मीटर असेल, तर केवळ वर चढायलाच सुमारे १५० न्यूटन जोर लागतो. २५० वॉटमध्ये वेग मिळतो ताशी सहा किलोमीटर, भराभर चालणाऱ्या माणसाएवढा. इथे बॅटरी दुप्पट केली तर पल्ला वाढेल, पण वजनही वाढेल. चढ काही सोपा होणार नाही.

माळवा तर सपाटच, मग एवढी चिकित्सा कशाला, असेही कुणी म्हणेल. पण देवासच्या टेकडीवर चामुंडेच्या दर्शनाला जाणारा माणूस आणि मांडूला दोघे बसून निघालेले जोडपे सपाटीचा हिशेब करत नाहीत. त्याच पिथमपूरला आज नॅट्रॅक्स ही वाहनांची चाचणी करणारी संस्था आहे आणि तिच्या आवारात मुद्दाम बांधलेले, ठराविक उताराचे चढ आहेत. पठाराच्या सपाटीवर माती आणि काँक्रीट रचून हा घाट पुन्हा उभा केला आहे.