पणजोबांचा ताम्रपट आणि विकिपीडियाची पाटी : नाकारल्या जाणाऱ्या नोंदीचा कृष्णाकाठचा इतिहास

१/ वाळवा तालुक्यातील एखादा तरुण विकिपीडियावर आपल्या पणजोबांविषयी लेख लिहितो, अशी कल्पना करू. पणजोबा साताऱ्याच्या प्रतिसरकारात होते. भिंतीवर १९७२ सालचा ताम्रपट आहे, आजीच्या तोंडी शंभर आठवणी आहेत. दुसऱ्या दिवशी लेखाच्या माथ्यावर पाटी झळकते : संदर्भ नाहीत, उल्लेखनीयता स्पष्ट होत नाही. काही दिवसांनी लेखच नाहीसा होतो. कोणा परक्याने आपला इतिहास पुसला, असे त्याला वाटते. हा धागा त्या पाटीमागच्या इतिहासाचा आहे.

२/ पुरावा मागणारी ही शिस्त इंटरनेटबरोबर आली, असा समज आहे. तो खरा नाही. मराठीत ती शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे, आणि तिची काही महत्त्वाची ठिकाणे वाई, सातारा, मिरज अशी कृष्णेच्याच खोऱ्यात आहेत. ज्या मातीत आज लेख नाकारले जातात, त्याच मातीत लेख कसा टिकतो याचेही धडे आहेत.

३/ वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यातील पानिपतच्या काळातील पत्रांचा मोठा साठा वाईत सापडलेला होता. त्या खंडाच्या प्रस्तावनेत राजवाड्यांनी बखरींतील कथनाची अस्सल पत्रांशी गाठ घालून दिली आणि बखरी कोठे घसरतात ते दाखवले. 'असे सांगतात' आणि 'असे लिहिलेले आढळते' यांतील अंतर तेथे मराठी वाचकापुढे ठळकपणे आले.

४/ साताऱ्यात द. ब. पारसनीस यांनी आयुष्यभर कागद, चित्रे, हस्तलिखिते जमवली. मिरजेत शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' उभा केला. या मंडळींनी नुसते कागद जपले नाहीत, ते छापले. छापल्यामुळे मिरजेतील पत्र नागपूरच्या वाचकाला वाचता आले, तपासता आले, प्रसंगी खोडूनही काढता आले. कोशाला लागणारा संदर्भ म्हणजे नेमके हेच : अनोळखी माणसाला आपल्या घरी न येता पडताळता येईल असा आधार.

५/ कोशरचनेचा पहिला प्रचंड आधुनिक प्रयोग श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन परतलेल्या केतकरांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' तेवीस खंडांत तडीस नेला. शेकडो विषयांवर अनेक हातांनी लिहिलेला मजकूर एका सुरात आणणे किती कठीण असते, हे मराठीला या कामातून कळले.

६/ संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर १९६० साली राज्य साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. मराठी विश्वकोशाचे काम मुंबई-पुण्याऐवजी वाईत झाले, याला कारण होते. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ घडले होते आणि तेथेच 'धर्मकोशा'चे दीर्घ काम त्यांनी चालवले होते. कोश करण्याची सवय त्या गावाला आधीपासून होती. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला.

७/ विश्वकोशातील कोणतीही नोंद उघडून पाहावी. आरंभी विषयाची व्याख्या, मग विस्तार, शेवटी संदर्भग्रंथ आणि अगदी शेवटी लेखकाचे नाव. मध्येच एखाद्या शब्दाआधी छोटा बाण असतो. त्याचा अर्थ, या शब्दावर स्वतंत्र नोंद आहे. आजच्या निळ्या दुव्याचा तो छापील पूर्वज. लेखकाचे नाव शेवटी असले तरी नोंदीत 'मी' कोठेही नसतो. तज्ज्ञाचा मजकूरही संपादकांच्या टेबलावरून जाई, कापला जाई, बदलला जाई. ते कोणी अपमानाचे मानत नसे, कारण तो कामाचाच भाग होता.

८/ आता इंटरनेटकडे. मार्च २००० मध्ये अमेरिकेत 'न्यूपीडिया' सुरू झाला. तज्ज्ञांनी लिहायचे आणि लेख सात टप्प्यांच्या तपासणीतून जायचा. पहिल्या वर्षात सुमारे वीस लेखच मंजूर झाले. या संथपणावर उपाय म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया आला. तेथे आधी प्रकाशन आणि मग तपासणी, असा क्रम उलटला. वाईच्या संपादकांचे टेबल जणू भर बाजारात मांडले गेले आणि कोणीही येऊन त्यावर बसू लागला.

९/ या मोकळीकीची किंमत २००५ मध्ये कळली. जॉन सीगेन्थेलर हे अमेरिकी पत्रकार एकेकाळी रॉबर्ट केनेडी यांचे सहायक होते. त्यांच्या चरित्रलेखात कोणीतरी, केनेडी बंधूंच्या हत्यांत त्यांचा हात असल्याचा संशय होता, असे धादांत खोटे घुसडले. ते चार महिने तसेच राहिले. त्यानंतर त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्रजी विकिपीडियाने नोंदणी न केलेल्यांना नवे लेख सुरू करण्यास बंदी केली. २०१८ पासून तर खाते किमान चार दिवसांचे आणि दहा संपादनांचे असल्याशिवाय तेथे थेट लेख सुरू करता येत नाही. नवख्याने मसुदा लिहायचा आणि स्वयंसेवक परीक्षकांकडे सोपवायचा. क्रम उलटवणाऱ्यांनी तपासणीचा दरवाजा असा पुन्हा बसवला.

१०/ मराठी विकिपीडिया २००३ चा. त्याची परिभाषा आपल्या गावगाड्यातून आली आहे. सर्वांनी मिळून चर्चा करण्याची जागा 'चावडी', आणि सरावाची जागा 'धूळपाटी'. जुन्या शाळेत पाटीवर धूळ पसरून मुले बोटाने अक्षरे गिरवत. चुकले तर हात फिरवायचा आणि पुन्हा लिहायचे. नवख्याची पहिली चूक येथेच होते : धूळपाटी सोडून तो थेट शिळेवर कोरायला बसतो.

११/ मग लेख स्वीकारला जावा म्हणून नेमके काय लागते? पहिला प्रश्न असा : या व्यक्तीविषयी, तिच्या घराशी वा संस्थेशी संबंध नसलेल्या कोणी, छापील वा अन्य विश्वसनीय प्रकाशनात, केवळ नावापुरते नव्हे तर सविस्तर लिहिले आहे काय? 'उल्लेखनीयता' हा शब्द येथे फसवा ठरतो. तो माणसाची थोरवी मोजत नाही. त्याच्याविषयी पडताळण्याजोगे लेखन उपलब्ध आहे का, एवढेच तो विचारतो.

१२/ यामुळेच भिंतीवरचा ताम्रपट पुरेसा ठरत नाही. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना दिलेला तो सन्मान खरा आणि मोलाचा आहे. पण तो प्राथमिक पुरावा झाला. राजवाड्यांच्या हाती वाईत लागलेल्या पत्रांसारखा. तो सापडला म्हणजे इतिहास लिहून झाला असे नव्हे. कोणी अभ्यासकाने तो वाचून, इतर पुराव्यांशी ताडून, त्यावर लिहिलेले असले पाहिजे. कोश त्या लिहिलेल्याचा सारांश देतो. नवे संशोधन पहिल्यांदा मांडण्याची ती जागा नव्हे.

१३/ दुसरा प्रश्न भाषेचा. 'गोरगरिबांचे कैवारी, इंग्रजांची झोप उडवणारे थोर क्रांतिवीर' हे वाक्य पुण्यतिथीच्या सभेत शोभते. कोशात त्याची जागा अशा वाक्याने घ्यावी : 'हे प्रतिसरकारच्या तुफान सेनेतील कार्यकर्ते होते. ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे रेल्वेगाडीवर घातलेल्या छाप्यात त्यांचा सहभाग असल्याचे अमुक ग्रंथाच्या अमुक पृष्ठावर नमूद आहे.' दुसरे वाक्य कोरडे दिसते. पण पहिले कोणत्याही गावातील कोणालाही लागू पडते, तर दुसरे एकाच माणसाचे आहे.

१४/ निःपक्षपणा म्हणजे मिळमिळीतपणा नव्हे. शेणोलीच्या घटनेला ब्रिटिश सरकारच्या लेखी लूट म्हटले गेले. छाप्यात असलेले कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, यांना मात्र तो शब्द अखेरपर्यंत मान्य नव्हता. इंग्रजांनी लुबाडलेला जनतेचा पैसा आपण परत आणला, अशी त्यांची भूमिका. कोशाने दोन्ही सांगावे आणि कोणते म्हणणे कोणाचे, तेही सांगावे. 'पत्री सरकार' या नावाचेही तसेच. कोणी ते 'प्रति'चा अपभ्रंश मानतात, कोणी गुन्हेगारांच्या पायांना दिल्या जाणाऱ्या शिक्षेशी त्याचा संबंध जोडतात. एकच व्युत्पत्ती छातीठोकपणे लिहिणारा मसुदा परीक्षकाच्या नजरेत तेथेच उतरतो.

१५/ या दोन जिल्ह्यांविषयी लिहिणाऱ्यासाठी एक खास खड्डा आहे. १९४३ मध्ये आजचा सांगली जिल्हा अस्तित्वातच नव्हता. १९४९ मध्ये उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. क्रांतिसिंह नाना पाटलांचे येडेमच्छिंद्र आज सांगली जिल्ह्यात आहे, प्रतिसरकार मात्र 'साताऱ्याचे'. ही गोष्ट एका वाक्यात सांगितली नाही, तर वाचकाला एक तरी माहिती चुकीची वाटते.

१६/ संदर्भ शोधतानाही हे ध्यानात ठेवावे लागते. वाळवा, तासगाव, खानापूर यांची जुनी माहिती १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये आहे. सांगली आणि मिरज त्या काळी संस्थाने असल्याने त्यांची माहिती तेथे शोधून उपयोग नाही. पुढे सातारा जिल्ह्याचे नवे गॅझेटियर १९६३ मध्ये आणि सांगलीचे १९६९ मध्ये निघाले. या खंडांतील मजकूर वाचून स्वतःच्या शब्दांत लिहावा. विश्वकोशाचा वा वृत्तपत्राचा परिच्छेद जसाच्या तसा चिकटवला, तर प्रताधिकाराच्या कारणाने लेख जातो, आणि मग विषय कितीही मोठा असला तरी तो वाचवता येत नाही.

१७/ एवढे सगळे पाळूनही एक अडचण उरते, आणि ती खरी आहे. प्रतिसरकार ही भूमिगत चळवळ होती. कागद सापडला तर माणूस सापडणार, म्हणून कागद न ठेवणे हीच तिची शिस्त. लिहून ठेवले ते मुख्यतः पोलिसांनी. निरोप पोचवणाऱ्या, शस्त्रे लपवणाऱ्या, रात्री-अपरात्री भाकरी रांधून देणाऱ्या बायकांची नावे त्या दप्तरांत फारशी येणार नाहीत. छापील पुरावा मागणारा नियम त्यांना नकळत पुन्हा एकदा भूमिगत करतो. तेव्हा त्या तरुणाचा राग अगदीच अनाठायी नाही.

१८/ यावर उपाय नियम वाकवण्याचा नव्हे. उपाय राजवाडे-खऱ्यांचा : आधी छापा. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील आणि कॅप्टन भाऊ यांना पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यांच्या उतारवयात गाठले, बोलते केले. त्या आठवणी 'पारी' या संकेतस्थळावर आल्या, पुढे २०२२ च्या 'द लास्ट हीरोज' या ग्रंथात आल्या. हौसाताई २०२१ मध्ये गेल्या, कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये. घरात सांगितली जाणारी गोष्ट त्याआधी प्रकाशित झाली होती, म्हणून आज कोश तिचा आधार घेऊ शकतो.

१९/ तेव्हा त्या तरुणाने पहिल्याच दिवशी नवा लेख लिहू नये. प्रतिसरकारवरील उपलब्ध लेखात एक वाक्य, एका संदर्भासह, पृष्ठक्रमांक देऊन घालावे. अशी दहा-वीस संपादने केली की हात बसतो आणि इतर सदस्यांची ओळखही होते. पणजोबांविषयी लिहायचे झाल्यास नाते चर्चापानावर आधीच सांगून टाकावे. ते लपवणे नात्यापेक्षा अधिक संशयास्पद ठरते. लेख काढला गेला असेल, तर प्रचालकाला विनम्रपणे विचारावे. मजकूर नक्कल केलेला नसेल तर तो धूळपाटीवर परत मिळू शकतो.

२०/ आणि त्याच्याही आधी आजीसमोर बसावे. तारीख, गाव, सोबत कोण होते, हे विचारून आवाज ध्वनिमुद्रित करावा. ताम्रपटाचे नीट छायाचित्र घ्यावे. मग ते सारे गावच्या महाविद्यालयातील इतिहासाच्या प्राध्यापकांकडे, स्थानिक इतिहासावर लिहिणाऱ्या अभ्यासकाकडे किंवा एखाद्या नियतकालिकाकडे न्यावे. कोणीतरी ते तपासून छापील, त्यावर लिहील. यात दोन वर्षेही जातील. विकिपीडियावरील पान त्यानंतर एका संध्याकाळीही लिहून होईल. आजीला विचारण्याचे काम मात्र आजच करायला हवे.