दर्शनीय नारा आणि संवेजनीय काशिवाबारा

महापरिनिब्बानसुत्तात भगवान बुद्धांनी श्रद्धावान कुलपुत्राने पाहावीत अशी चार स्थाने सांगितली आहेत. त्यांना दोन विशेषणे लावली आहेत : ‘दस्सनीय’ आणि ‘संवेजनीय’. दस्सनीय म्हणजे पाहण्याजोगे. संवेजनीय म्हणजे ज्याच्या दर्शनाने चित्त हलते आणि मनुष्य आपल्या आचरणाचा विचार करू लागतो असे. जपानला जाणारे आपले उपासक-उपासिका क्योतो किंवा ओसाका येथून नारा नगरीची एका दिवसाची सहल करतात. आगगाडीने ते अंतर तासाभराच्या आतले आहे. या सहलीला ही दोन विशेषणे लावून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इ. स. ७१० ते ७८४ या काळात नारा ही जपानची राजधानी होती. स्थानकाकडून उद्यानाकडे जाताना मोकळेपणाने फिरणारी हरणे भेटतात आणि आपल्या यात्रेकरूला सारनाथच्या मृगदायाची आठवण होते. परंतु या हरणांचा संबंध कासुगा येथील शिंतो देवस्थानाशी आहे. तेथील देवता पांढऱ्या हरणावर बसून आली, अशी दंतकथा आहे. जपानात बुद्ध आणि स्थानिक देवता शतकानुशतके शेजारी नांदल्या, याची ही पहिली खूण होय.

पुढे तोदाइ-जी विहारातील सुमारे १५ मीटर उंचीची कांस्य बुद्धमूर्ती दिसते. सम्राट शोमू याने इ. स. ७४३ मध्ये तिची घोषणा केली. इ. स. ७५२ मध्ये तिचा नेत्रोन्मीलन विधी बोधिसेन या भारतीय भिक्खूच्या हस्ते झाला. तो इ. स. ७३६ मध्ये जपानला पोहोचला होता. मूर्तीचे डोळे रेखणाऱ्या कुंचल्याला लांब निळी दोरी बांधली होती आणि जमलेल्यांनी ती हाती धरली होती. कुंचला व दोरी शोसोइन या भांडारात आजही जतन केलेली आहेत. बोधिसेनाचा जपानी परंपरेतील उल्लेख मात्र ‘बारामोन सोजो’, म्हणजे ब्राह्मण संघनायक, असा आहे. समुद्रापलीकडे गेलेल्या भिक्खूच्या नावालाही वर्ण चिकटून राहिला, ही गोष्ट आम्हांस नोंदण्यासारखी वाटते.

ज्या भिक्खूचा पुतळा नाराच्या किंतेत्सु स्थानकासमोर कारंज्यावर उभा आहे, त्या ग्योकीकडे (इ. स. ६६८-७४९) फारसे कोणी थांबून पाहत नाही. त्याने विहाराची भिंत ओलांडून खेड्यापाड्यांत धम्म सांगितला. लोकांना बरोबर घेऊन पूल बांधले, तलाव व कालवे खोदले, वाटसरू व मजुरांसाठी निवारे उभारले. त्या काळी भिक्खूंनी राज्याच्या परवानगीवाचून लोकांत प्रचार करणे निषिद्ध होते. म्हणून इ. स. ७१७ च्या राजाज्ञेत त्याची नावानिशी निर्भर्त्सना झाली. पुढे महामूर्तीसाठी मनुष्यबळ व द्रव्य हवे झाले, तेव्हा त्याच राज्याला ग्योकीची गरज पडली आणि इ. स. ७४५ मध्ये त्याला सर्वोच्च संघपद मिळाले. नेत्रोन्मीलनापूर्वी तीन वर्षे तो निवर्तला. मूर्तीमागे सम्राटाची आज्ञा आहे, तसेच ग्योकीमागे चाललेल्या अनाम जनांचे श्रमही आहेत.

दुपारी यात्रेकरू होर्यू-जी येथे जातो. जगातील सर्वांत प्राचीन शिल्लक लाकडी वास्तूंत तिची गणना होते. तेथील सुवर्णमंदिरातील भित्तिचित्रांची तुलना अभ्यासक आपल्या अजिंठ्याच्या चित्रांशी करीत आले आहेत. ती चित्रे २६ जानेवारी १९४९ रोजी आगीत होरपळली. त्यानंतर १९५० मध्ये जपानने सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा केला.

येथे सामान्यतः सहल संपते. आम्ही मात्र आणखी एका स्थळाचा आग्रह धरू. नाराच्याच प्रांतात, दक्षिणेकडे, गोसे शहराच्या हद्दीत काशिवाबारा ही वस्ती आहे. वाकिगामी या छोट्या स्थानकावरून तेथे चालत जाता येते. मेलेली जनावरे ओढणे, कातडे कमावणे ही कामे करणाऱ्यांना जपानात ‘एता’, म्हणजे ‘पुष्कळ मळ’, असे संबोधीत. १८७१ च्या आज्ञेने हे नाव रद्द झाले, कलंक गेला नाही. काशिवाबाऱ्यातील साइको-जी या बौद्ध मंदिराच्या पुरोहिताचा पुत्र साइको मानकिची याने आपल्या तरुण सोबत्यांसह चळवळ उभी केली. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे ‘सुइहेइशा’ स्थापन झाली. तिचा जाहीरनामा साइकोने लिहिला. ‘सुइहेइ’ म्हणजे समतल. पाण्याचा पृष्ठभाग जसा कोणाला उंच, कोणाला नीच मानीत नाही, तसा समाज. आज मंदिराजवळ सुइहेइशाचे संग्रहालय आहे. ते १९९८ मध्ये उघडले.

आमच्या वाचकांना अस्वस्थ करणारा प्रश्न येथे उभा राहतो. हे सर्व बौद्ध देशात घडले. प्राणिहिंसेच्या निषेधाचा विपर्यास करून कातडे कमावणारा अपवित्र ठरविला गेला. काही मंदिरांनी या लोकांच्या मरणोत्तर धम्मनावांत ‘पशू’सारखी अक्षरे घातली. समाधीच्या दगडावरही जात कोरली गेली. म्हणूनच सुइहेइशाने स्थापनेनंतर लगेच होंगान्जी पंथाच्या दोन्ही मुख्य मंदिरांना जाब विचारला आणि त्यांना देणग्या न देण्याचे आवाहन केले. १९७९ च्या एका जागतिक धर्मपरिषदेत सोतो झेन पंथाच्या प्रतिनिधीने असा भेदभाव जपानात नाही असे सांगितले. १९८४ च्या परिषदेत ते विधान मागे घ्यावे लागले. २०१६ मध्येही या भेदभावाच्या निर्मूलनासाठी जपानला कायदा करावा लागला.

वसलसुत्तात भगवंतांनी जन्माने कोणी वसल होत नाही, कर्माने होतो, असे सांगितले. ते सुत्त ज्या देशात ग्रंथालयात राहिले, तेथे विहार उभे असूनही विषमता टिकली. सुइहेइशानंतर पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. दोन देशांतील या चळवळींनी समतेसाठी पाण्याचीच खूण धरावी, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. बाबासाहेबांनी १९५६ साली धम्म दिला, तो समतेच्या अटीवर. त्याबरोबर दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सर्व मनुष्यमात्र समान मानण्याची प्रतिज्ञा का आहे, याचे उत्तर काशिवाबाऱ्याच्या दगडांवर वाचता येते.

म्हणून उपासकांनी महामूर्तीपुढे अवश्य नतमस्तक व्हावे; ती दर्शनीय आहे. त्यानंतर साइको-जीच्या अंगणात क्षणभर उभे राहावे आणि आपल्या विहारात, आपल्या सोयरिकीत, आपल्या पोटजातींत पाणी समतल झाले आहे काय, हे स्वतःला विचारावे. ती यात्रा संवेजनीय ठरेल.