श्रमाची कसोटी आणि आजारी श्रमिक : दुष्काळी कामांपासून नौपाड्यातील घरकामापर्यंत

प्रस्तावना

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन अध्यापकाच्या वेतनचिठ्ठीत ‘व्यवसाय कर’ या शीर्षाखाली दरमहा २०० रुपयांची आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची वजावट दिसते. १९७५ च्या कायद्याने आकारलेला हा कर रोजगार हमी योजनेसाठी निधी उभारण्याच्या हेतूने बसविण्यात आला होता. ठाण्यातील नौपाडा ही नोकरदारांची जुनी वस्ती असून तेथील असंख्य कुटुंबांनी हा कर भरला आहे. त्याच घरांत दोन-दोन तास धुणीभांडी करणारी स्त्री मात्र शहरवासी असल्यामुळे त्या हमीच्या कक्षेत आली नाही. ती दम्याने वा संधिवाताने त्रस्त असेल, तर तिला शासकीय साहाय्य कोणत्या अटीवर मिळते, हा प्रश्न या लेखाच्या मुळाशी आहे. ‘काम करण्याची तयारी’ ही साहाय्याची अट कशी घडली आणि थोडेच काम करू शकणाऱ्या आजारी श्रमिकाला तिच्यात कितपत स्थान मिळाले, याचा येथे ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

दुष्काळी कामांची परंपरा

१८३४ च्या इंग्लंडमधील दारिद्र्यविषयक कायद्याने सशक्त गरीब आणि असहाय गरीब यांच्या साहाय्यात काटेकोर भेद केला. हाच विचार १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात अवतरला. सशक्तांना सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कामांवर धाडावे, तर दुर्बलांना मुलकी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखालील हलकी कामे कमी मजुरीवर द्यावीत, अशी विभागणी करण्यात आली. सर रिचर्ड टेंपल यांच्या काटकसरीच्या धोरणामुळे १८७७ च्या आरंभी मजुरी घटली, तेव्हा हजारो मजुरांनी कामे सोडली. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये या अनुभवाला तत्त्वाचे रूप दिले. निर्वाहापुरत्या मजुरीच्या मोबदल्यात ज्याच्या-त्याच्या शक्तीनुसार श्रम घ्यावेत, म्हणजे खरा गरजू आपोआप ओळखला जाईल, अशी आयोगाची धारणा होती. ज्यांना श्रम शक्यच नाहीत, त्यांना गावातच विनामोबदला मदत द्यावी, असेही आयोगाने सुचविले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गरजूंविषयी संशय बाळगणाऱ्या या वसाहतकालीन व्यवस्थेने ‘अल्पशक्ती’ श्रमिकाची वेगळी दखल घेतली होती. मात्र त्याची किंमत त्याला कमी मजुरीच्या रूपाने मोजावी लागली.

रोजगार हमी : हक्क आणि अट

स्वातंत्र्योत्तर काळात वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे रोजगार हमीचा प्रयोग केला. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील कामांवर एका टप्प्यावर सुमारे ५० लाख मजूर होते. त्यानंतर १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मदतीचे रूपांतर हक्कात झाले, हे या कायद्याचे ऐतिहासिक श्रेय होय. तथापि हा हक्क अंगमेहनतीचे अकुशल काम करण्यास तयार असणाऱ्या ग्रामीण प्रौढाचा होता आणि मजुरी मुख्यतः झालेल्या कामाच्या मापावर ठरत असे. खोदलेल्या मातीचे माप घेताना मजुराला धाप लागते की नाही, याची नोंद होत नाही.

महाराष्ट्राच्या अनुभवाचा आधार लाभलेल्या २००५ च्या राष्ट्रीय कायद्यातही हीच तर्करीती दिसते. कामासाठीचा अर्ज किमान १४ दिवस सलग कामाचा असावा, असा नियम होता. परवानगीविना एका आठवड्याहून अधिक काळ, किंवा एका महिन्यात एकूण एका आठवड्याहून अधिक दिवस गैरहजर राहिल्यास, तीन महिने बेकारी भत्त्यावर दावा करता येत नसे. या कलमात आजारपणाचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. अपंगांना सोयीची कामे देण्याचे धोरण पुढे आले खरे. पण ज्याचे दुखणे कधी उसळते, कधी ओसरते, त्याची अडचण कामाच्या प्रकाराइतकीच सातत्याच्या अटीत असते.

दोन व्यवस्थांमधील पोकळी

काम न करू शकणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. ती शहरांतही लागू आहे. दुर्धर आजारामुळे चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांचा तिच्यात समावेश आहे. परंतु कौटुंबिक उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा दीर्घकाळ वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये ठेवण्यात आली. दोन-तीन घरची कामे करणारी आजारी स्त्री ही मर्यादा सहज ओलांडते. अशा रीतीने जी थोडीफार कमावते, ती निराधार ठरत नाही आणि जी सलग कमावू शकत नाही, ती सक्षम ठरत नाही.

१९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आजारपणातील बुडालेल्या वेतनाचा प्रश्न सोडविला. पण तो विमाधारक कामगारांपुरताच. तेथेही सहा महिन्यांच्या अंशदान कालावधीत ७८ दिवसांचे अंशदान आवश्यक असते. घरकामगार या चौकटीबाहेर राहिल्या. २००८ च्या महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियमाने त्यांना कामगार म्हणून ओळख दिली आणि वैद्यकीय खर्च, प्रसूती, अपत्यांचे शिक्षण यांसाठी साहाय्याची तरतूद केली. मात्र औषधाच्या खर्चास मदत मिळणे आणि खाड्याच्या दिवसांचे वेतन मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट आजही बहुधा मालकिणीच्या मर्जीवर अवलंबून असते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, १८७७ पासून साहाय्याची भाषा दयेकडून हक्काकडे गेली, परंतु ‘सक्षम की असहाय’ हा मूळ प्रश्न फारसा बदलला नाही. या दोहोंच्या मध्ये असलेला श्रमिक अपवादात्मक नाही. वाढते वय, दीर्घकालीन व्याधी आणि तुकड्या-तुकड्यांत मिळणारे शहरी काम यांमुळे तो सर्वत्र आढळतो. त्याच्यासाठी हजेरीच्या सलगतेऐवजी वर्षभरातील एकूण कामाचा हिशेब धरणे, आजाराची गैरहजेरी नकारापासून वेगळी मोजणे आणि अल्प कमाईमुळे अनुदान पूर्णतः बंद न करता ते क्रमशः घटविणे, हे तीन बदल विचारार्ह आहेत. शक्तीनुसार श्रमाचे तत्त्व १८८० मध्येच मान्य झाले होते. त्याला पुरेशा मोबदल्याची जोड देणे अद्याप शिल्लक आहे.