अस्सल, नक्कल आणि तीन मिलिमीटर

मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्याला एक खोड लागते. समोर बखर आली की तो आधी विचारतो, ही लिहिली कधी? घटनेनंतर किती वर्षांनी, कोणाच्या सांगण्यावरून? आणि त्याच काळातला एखादा साधा कागद मिळाला, अगदी दाणागोट्याच्या हिशोबाचा का असेना, की त्याचा जीव भांड्यात पडतो. राजवाड्यांनी आपल्याला लावलेली ही खोड कधी इलेक्ट्रिक गिटारच्या कामी येईल असं मात्र मला वाटलं नव्हतं.

झालं असं की इथे मिशिगनमध्ये एका मित्राच्या मुलाला जुनी गिब्सन एसजी घ्यायची होती. "काका, सीरियल नंबर यादीत बघितला, १९६३ ची आहे." विकणारे गृहस्थ साठीतले, गिटार त्यांच्या वडिलांची. किंमत अर्थातच १९६३ च्या हिशोबाने सांगितलेली, आणि पोराने दोन उन्हाळे राबून पैसे जमवलेले. मला गिटारवर एक सूर धड काढता येत नाही. पण जुनी वस्तू उलटीपालटी करून बघायला मिळतेय म्हटल्यावर मी बरोबर गेलो.

आधी त्या नंबराविषयी. गिब्सनचा कारखाना तेव्हा याच मिशिगनमध्ये, कलामाझू गावी होता. १९६१ पासून ते गिटारच्या डोक्यामागे नंबर लाकडात दाबून उमटवायला लागले. पुढे कोणी साल ठरवायला बसेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. साठच्या दशकात त्यांनी तेच सहा आकडी नंबर पुन्हा पुन्हा वापरले. आज ज्या याद्या फिरतात त्या नंतर जुळवलेल्या आहेत, म्हणजे एका अर्थी बखरीच. आणि यादी नीट वाचली तर या गिटारच्या नंबरापुढे "१९६३ किंवा १९६७" असं लिहिलेलं होतं. पोराने पहिला आकडा वाचला आणि "किंवा" सोडून दिला. (हा "किंवा" गाळण्याचा रोग इतिहासकारांमध्येही भरपूर आहे. असो.)

आता १९६३ आणि १९६७ यांत फरक कसा करायचा? गिटारच्या पुढच्या बाजूला काळ्या प्लास्टिकचा पत्रा असतो, पिकगार्ड. एसजीवर तो आधी छोटा होता, १९६६ पासून मोठा, वटवाघळाच्या पंखांसारखा आला. आमच्या गिटारवर मोठा होता. गृहस्थ म्हणाले, नंतर बदलला असेल. शक्य आहे. पण छोट्या पत्र्याच्या काळात पिकअप वेगळ्या चौकटीत बसवून स्क्रूने लाकडाला आवळलेले असत. मोठ्या पत्र्याच्या काळात ते पत्र्यालाच अडकवू लागले. त्यांच्या परवानगीने पत्रा उचलून पाहिला. खाली चौकटीच्या स्क्रूंची भोकं नव्हती, बुजवलेलीही नव्हती. बदललेल्या वस्तूने मागे काहीतरी खूण ठेवायला हवी होती.

मग पट्टी काढली. तारा ज्या पांढऱ्या पट्टीवरून डोक्याकडे जातात तिला नट म्हणतात. १९६३ साली तिथे मान साधारण ४३ मिलिमीटर रुंद असे. १९६५ च्या सुमारास ती ४० च्या आत आली. त्याच सुमारास डोक्याचा मागे झुकलेला कोनही १७ अंशांवरून १४ वर आला. आमची पट्टी ४० च्या किंचित आतच थांबली. पिकगार्ड पाच मिनिटांत बदलता येतो, मान नाही.

शेवटी पाठीमागचं झाकण उघडलं. आत आवाज कमीजास्त करणारे पॉट असतात, जुन्या रेडिओत असायचे तसेच. त्यांच्या पाठीवर आकडे होते: १३७६६३३. यातले १३७ म्हणजे बनवणारी कंपनी सीटीएस, ६६ म्हणजे साल आणि ३३ म्हणजे त्या सालातला आठवडा. ऑगस्ट १९६६! गिटार या तारखेच्या आधीची असू शकत नाही. नंतरची मात्र कितीही असू शकते, कारण सुटे भाग कारखान्यात महिनोन्‌महिने पडून राहत. आता पॉट बदलले असतील तर? सोल्डरचे ठिपके जुने, निस्तेज, कोणी हात न लावलेले दिसत होते. आकडे नीट वाचायला ते सोडवण्याचा मोह काही जण करतात. मला तो गुन्हा वाटतो. सोडवलेला जोड पुढच्या माणसाला काहीच सांगत नाही.

पिकअपच्या पाठीवरच्या स्टिकरचा इथे काही उपयोग नव्हता, पण त्याची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. गिब्सनचा सेथ लव्हर याने १९५५ साली या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि पेटंट मिळालं १९५९ साली, क्रमांक २८९६४९१. पण स्टिकरवर बरीच वर्षं २७३७८४२ हा क्रमांक छापत होते, आणि तो आहे लेस पॉलच्या तारा अडकवायच्या पट्टीचा! नक्कल करणाऱ्यांना चकवण्यासाठी मुद्दाम केलं असा अनेकांचा तर्क आहे. म्हणजे अस्सल स्टिकरवर चुकीचा नंबर असायलाच हवा. त्याआधीच्या, "पेटंटसाठी अर्ज केला आहे" एवढंच छापलेल्या स्टिकरच्या पिकअपना तर सोन्याचा भाव आहे. ते मिळवण्यासाठी लोकांनी चांगल्या, अस्सल ईएस-१७५ आणि ३३५ गिटारी उघडून रिकाम्या केल्या आहेत. एक गिटार "जास्त अस्सल" करण्यासाठी दुसरी बिघडवायची, हे मला कधी पटलेलं नाही.

तर आमची गिटार १९६७ ची. खोटी मुळीच नव्हती. गृहस्थांचा चेहरा पडला आणि मलाही वाईट वाटलं, कारण त्यांनी काही लपवलं नव्हतं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "वडील नेहमी सांगायचे, धाकटी झाली त्या वर्षी घेतली. यादी बघितल्यावर मला वाटलं, त्यांचीच आठवण चुकत असेल."

बहीण १९६७ ची.

किंमत बरीच खाली आली आणि पोराने गिटार घेतली. केसच्या झाकणावर गृहस्थांनी हौसेने १९६३ असं कोरलेली पितळी पट्टी लावलेली आहे. ती काढू का, असं पोराने गाडीत विचारलं. मी म्हटलं, राहू दे, पण आत एक चिठ्ठी ठेव: पट्टी कोणी लावली, कधी लावली, आणि झाकणाखाली आज आपण काय पाहिलं.