सेप्सिसमधील कोलेस्टेरॉल आणि यकृताची भूमिका

जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या अनियंत्रित प्रतिसादामुळे अवयवांचे कार्य बिघडून जी प्राणघातक अवस्था निर्माण होते, तिला सेप्सिस असे म्हणतात. २०१७ साली जगभरात सुमारे ४.८९ कोटी लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १.१ कोटी मृत्यू त्याच्याशी निगडित होते, असा अंदाज आहे. या आजारात रक्तातील कोलेस्टेरॉल घटते. हृदयविकाराच्या संदर्भात कमी कोलेस्टेरॉल हितकारक मानले जाते. सेप्सिसमध्ये मात्र ही घट बहुधा आजाराच्या तीव्रतेची निदर्शक असते.

रक्तातील बदल

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नसल्यामुळे ते मेदप्रथिनांच्या कणांतून रक्तात वाहून नेले जाते. सेप्सिसमध्ये एचडीएल व एलडीएल या दोन्ही कणांतील कोलेस्टेरॉल कमी होते, तर ट्रायग्लिसराइडचे प्रमाण अनेकदा वाढते. याच काळात यकृत सीरम अमिलॉइड ए हे प्रथिन मोठ्या प्रमाणात तयार करते. ते एचडीएलमधील मुख्य प्रथिनाची जागा घेते व त्या कणांचे कार्य बदलते. एचडीएल फार खालावलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले आहे. तथापि ही घट मृत्यूचे कारण आहे की गंभीर आजाराचा परिणाम, हे केवळ अशा निरीक्षणांवरून ठरवता येत नाही.

संरक्षणाची यंत्रणा

ग्रॅम-ऋण जीवाणूंच्या बाह्य आवरणात लिपोपॉलिसॅकराइड हे विषारी द्रव्य असते. मेदप्रथिनांचे कण त्याला बांधून ठेवतात, त्यामुळे त्याची दाहकारक क्षमता कमी होते. यकृतपेशींवरील एलडीएल ग्राही हे कण विषासह आत ओढून घेतात. पीसीएसके९ नावाचे प्रथिन या ग्राहींची संख्या घटवते. या प्रथिनाचे कार्य मंदावणारे जनुकीय बदल असलेले सेप्सिसचे रुग्ण अधिक प्रमाणात वाचल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले. म्हणजेच कोलेस्टेरॉलच्या पातळीइतकेच यकृत हे कण किती वेगाने रक्तातून काढून घेते, यालाही महत्त्व आहे. याशिवाय अधिवृक्क ग्रंथी एचडीएलमधून मिळणाऱ्या कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार करतात. शरीरावरील गंभीर ताण सहन करण्यासाठी ते आवश्यक असते.

उपचारांतील स्थान

कोलेस्टेरॉलमध्ये बदल घडवणारा कोणताही उपचार सेप्सिसवर परिणामकारक असल्याचे अद्याप सिद्ध झालेले नाही. सेप्सिसमुळे फुप्फुसांना तीव्र इजा झालेल्या रुग्णांत रोसुवास्टॅटिनमुळे मृत्यू कमी झाले नाहीत, असे २०१४ सालच्या एका चाचणीत आढळले. लवकर निदान, वेळेवर प्रतिजैविके आणि अवयवांना आधार हेच उपचारांचे मुख्य घटक आहेत. महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात अभय बंग व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा उपक्रम राबवला. त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविका सेप्सिसवर प्रतिजैविकेही देत असत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उपक्रमाच्या तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला.